शेजाऱ्यांना विचारणारे कार्ड

१

पेटीचे कुलूप शाबूत होते. किल्ली जागच्या जागी होती. आतली लोकरीच्या नमद्याची गुंडाळीसुद्धा जशी बांधली होती तशीच होती. फक्त गुंडाळीच्या पोटात काही नव्हते.

काचकिनबायने ती उलटी केली, झटकली, पुन्हा उलटी केली. सोन-कोल सरोवराच्या काठावरच्या त्या उन्हाळी कुरणात दिवसभर त्याच्या धाकट्या मुलाच्या लग्नाची धामधूम चालली होती. पाहुणे पांगत होते, चुली विझत होत्या आणि शहरातून आलेला त्याचा धाकटा भाऊ तेमिरबेक सहज म्हणाला होता, की बाइके, ते लेणं एकदा बाहेर काढा, उद्या नेण्याआधी नीट बघून घेतो. बाइके म्हणजे थोरला भाऊ; परक्यालाही मानाने तसेच म्हणत. थोरल्या भावाने पेटी उघडली आणि हाती नुसती गुंडाळी आली.

ते लेणे म्हणजे चाचपाक. वेण्यांच्या टोकांना बांधून पाठीवर सोडायचे चांदीचे सर, मध्ये पोवळी, खाली घुंगरांसारख्या पातळ पाकळ्या. घराण्यात ते कधी आले हे कोणालाच सांगता येत नसे. घरात येणारी प्रत्येक सून पहिल्या दिवशी पडद्याआड बसताना ते घाली, दुपारी उतरवी आणि ते पुन्हा पेटीत जाई. आजही तसेच झाले होते. नव्या सुनेने, गुलबाराने, सकाळी ते घातले. दुपारी काचकिनबायने सगळ्यांच्या देखत ते गुंडाळून पेटीत ठेवले, त्याची म्हातारी आई बातमा आपा हिने कुलूप लावले आणि किल्ली नेहमीसारखी आपल्या वेणीच्या टोकाला बांधली. मग सारी माणसे घोड्यांवर टांग टाकून कोक-बोरूचा, घोड्यांवरून बोकड हिसकावण्याचा, खेळ पाहायला खालच्या मैदानात गेली.

"फोटोवाली कुठंय?" तेमिरबेकने विचारले.

फोटोवाली सैकाल तासाभरापूर्वीच सामान गाडीत टाकून बिशकेकला निघून गेली होती.

२

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ डोंगर उतरून तालुक्याच्या गावी आले आणि ठाण्यात जाऊन बसले. तपास कालिचा एजेकडे आला. एजे म्हणजे ताई. साऱ्या गावाची ती एजे होती. चोरसुद्धा पकडले गेल्यावर तिला एजेच म्हणत. अंगाने भरदार, गुडघ्यांनी बेजार, चहात जर्दाळूचा मुरंबा घातल्याशिवाय डोके चालत नाही असे मानणारी. घाई तिला ठाऊकच नव्हती. त्यामुळे ठाण्याच्या प्रमुख साहेबांचा जीव नेहमी टांगणीला लागलेला असे.

ती तक्रार पुरती ऐकेपर्यंत तेमिरबेकने प्रमुखांच्या संगणकाचा ताबाही घेतला होता. सैकालने लग्नघराला इंटरनेटवरच्या एका पानाचा पत्ता देऊन ठेवला होता. लग्नाचे सगळे फोटो त्या पानावर आपोआप येतील, असे तिचे सांगणे होते. आणि ते आले होते. घोडे, म्हातारे, पोरे, पातेली. आणि त्या सगळ्यांमध्ये एक फोटो चाचपाकाचा. काळ्या मखमलीवर लटकलेले चांदीचे सर, फोटो जरासा वाकडा, माणसाचा मागमूस नाही.

तेमिरबेकने त्या फोटोखालच्या खुणेवर टिचकी मारली. नकाशा उघडला. लाल खूण बिशकेकमध्ये एका गल्लीत रुतलेली होती, नेमकी सैकालच्या स्टुडिओच्या दारात.

"बाकी कुठल्याही फोटोला खूण नाही," तो म्हणाला. "कुरणावर कसली खूण येणार? एकाच फोटोला आहे, आणि ती ही. लेणं तिनं शहरात नेलं, काळ्या पडद्यावर टांगलं, गिऱ्हाइकाला दाखवायला फोटो काढला. आणि तिच्याच कार्डानं तिला पकडून दिलं."

त्याच संध्याकाळी सैकालला सामानासकट ठाण्यात आणले गेले. स्टुडिओची झडती झाली, चांदीचा तुकडासुद्धा सापडला नाही. तेमिरबेक म्हणाला, विकलं असणार. प्रमुखांना ते पटले. दोन दिवसांत तिची रवानगी नारिनच्या तुरुंगात करायची आणि स्टुडिओला सील ठोकायचे, असे ठरलेसुद्धा.

कालिचा एजेने मुरंब्याची बाटली पुढे ओढली आणि पोरीला आत पाठवा म्हणाली.

३

सैकाल शिडशिडीत होती, डोळ्यांखाली काळे पडले होते, पण मान ताठ होती. एजेने तिच्यापुढे चहा सरकवला. तिने तो हातात नुसता धरून ठेवला.

फोटो तुझा का, असे एजेने विचारल्यावर ती म्हणाली, कॅमेरा माझा, कार्ड माझं, फोटो माझा नाही.

"म्हणजे काय गं?"

"एजे, नीट बघा त्याच्याकडे. वाकडा आहे. लेणं एका बाजूला घसरलंय, वरचा गाठीचा भाग कापला गेलाय. मी चोरी केली असती ना, तरी फोटो सरळ काढला असता."

कालिचा एजेला हसू आले. ते तिने चहाच्या पेल्यात लपवले. माणूस कशाचा अभिमान बाळगतो ते कळले की निम्मा माणूस कळतो, असा तिचा अनुभव होता.

मग तिने कार्ड दाखवायला सांगितले. सैकालने छोट्या कॅमेऱ्याच्या पोटातून ते काढून टेबलावर ठेवले. अंगठ्याच्या नखाहून जरासेच मोठे, दिसायला कुठल्याही कार्डासारखे. पण ह्या चिमुरड्याच्या अंगात रेडिओ होता. फोटो काढला की तार न लावता, कार्ड बाहेर न काढता, तो हवेतून उडून संगणकात जाऊन बसे. खेळ संपल्यावर कुरणावर सैकाल हेच करत होती. राउटरची छोटी पेटी, संगणक, छपाईचे यंत्र आणि एक जनरेटर. पाहुणे उभे राहत, ती कळ दाबी, आणि म्हातारा टोपी सारखी करून तंबूपर्यंत येतो न येतो तोच त्याचा छापलेला फोटो तिच्या हातात तयार असे. आयुष्यात ज्यांचे मोजून दोन फोटो निघाले, तेही ओळखपत्रासाठी, अशी माणसे तो कागद छातीशी धरून घरी गेली होती.

एजे कार्ड उलटेसुलटे करून पाहत राहिली. नखाएवढ्या जागेत कोणी एवढे डोके भरून ठेवले असेल, याचे तिला मनापासून कौतुक वाटले, आणि ते तिने बोलूनही दाखवले. सैकालच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा रंग आला.

"फोटो कुठं काढला तेसुद्धा ह्याला कळतं," सैकाल म्हणाली, आणि लगेच तिचा आवाज खाली गेला. "तेच तर नडलं."

फोटो कधी काढला ते संगणकात लिहिलेले होते. शनिवार, लग्नाचा दिवस, दुपार. पण प्रमुखांनी ते आधीच उडवून लावले होते. संगणक तुझा, घड्याळ तुझं, तू सांगशील तेच ते बोलणार. नकाशावरची खूण मात्र तुझ्या हातात नाही, ती बाहेरून येते, म्हणून खरी तीच. या बोलण्यात चूक काढणे अवघड होते.

"हा फोटो कार्डावर आहे?" एजेने विचारले.

"नाही. तेच मला कळत नाहीये. संगणकात आहे, कार्डावर नाही. कोणीतरी कॅमेऱ्यात पुसलाय. पण पुसायच्या आधीच तो उडून गेला होता."

एजेने चमचा खाली ठेवला. चोर आपल्या चोरीचा फोटो काढतो, लगेच पुसतो, आणि स्वतःच्याच कार्डाची खोड त्याला माहीत नसते? कार्डाची मालकीण असे करील काय?

४

"मला एक सांग," एजे म्हणाली, "ह्याला कळतं कसं? आकाशातल्या उपग्रहाकडून?"

"नाही एजे. एवढ्याशा जिवाला ते झेपणार कसं? हे शेजाऱ्यांना विचारतं."

"कोणाला?"

"आसपास जे राउटर असतील, त्यांचे आवाज ऐकून ठेवतं. फोटो काढताना कोण कोण जवळ होतं तेवढं लिहून घेतं. मग इंटरनेट मिळालं की विचारतं, की बाबांनो, हे हे लोक राहतात कुठं? सगळ्या जगातल्या पेट्यांचे पत्ते कोणीतरी गोळा करून ठेवलेत. तिथून उत्तर येतं आणि खूण लागते."

कालिचा एजे खुर्चीत मागे रेलली. तिचे लहानपण कुरणावर गेले होते. अनोळखी घोडेस्वार आला की त्याला कोणी घराचा पत्ता विचारत नसे. तुझा तंबू कोणाशेजारी, एवढेच विचारत. अमक्याच्या शेजारी म्हटले की सगळे उमजे. हे कार्ड तर थेट आपल्याच वळणाचे निघाले.

फक्त एक अडचण होती. कुरणावर शेजारी कोण? मैलोन्‌मैल गवत, पाणी आणि घोडे.

"तिथं ह्याला कोणाचा आवाज आला असेल?" तिने विचारले.

"कोणाचाच नाही. म्हणून तर बाकीच्या फोटोंना..." सैकाल बोलता बोलता थांबली. "माझीच पेटी होती. राउटर. पण ती तंबूत. बाहेर उघड्यावर, गर्दीत, तिचा आवाज जेमतेम पोचतो. फोटो पाठवायला मला तंबूच्या दाराशी यावं लागत होतं."

"आणि तुझी पेटी राहते कुठं?"

"राहते म्हणजे? स्टुडिओत. दोन वर्षं तिथंच तर..."

तिने पेला धाडकन खाली ठेवला आणि चहा टेबलावर सांडला.

एजेने फडके घेतले, टेबल पुसले आणि प्रमुखांच्या खोलीत जाऊन टेलिफोनची तार मागून आणली. सैकालने राउटर लावला, कार्ड कॅमेऱ्यात घातले. मुरंब्याची बाटली हातात धरून कालिचा एजे ऐटीत खुर्चीवर बसली आणि सैकालने कळ दाबली. फोटो हवेतून संगणकात गेला, तिथून तारेने जगात गेला आणि परत आला.

प्रमुख साहेब मागे येऊन उभे होते. नकाशा उघडला. इथे, ठाण्यात, त्यांच्या नाकासमोर बसलेली कालिचा एजे नकाशाच्या हिशेबाने बिशकेकमध्ये, सैकालच्या स्टुडिओच्या दारात बसली होती.

"ज्यांनी हे बनवलं," एजे म्हणाली, "त्यांची घरं हलत नसावीत. घर एकदा बांधलं की बांधलं. त्यांच्या ध्यानीमनीही आलं नसेल, की उन्हाळा लागला की पेटीसुद्धा घोड्यामाणसांबरोबर कुरणावर जाईल."

प्रमुखांनी डोके खाजवले. मग म्हणाले, यानं एवढंच ठरतं की फोटो पेटीजवळ काढलाय. पेटी रविवारी स्टुडिओतही होतीच. सही उद्या संध्याकाळी करावीच लागेल.

ते काही अगदीच खोटे बोलत नव्हते.

५

सकाळी एजेने शिपायाला जीप काढायला लावली आणि मागच्या बाकावर सैकालला शेजारी बसवले. वाटेत एजे संगणकावर सगळे फोटो एकामागून एक पाहत होती. सैकालच्या मोठ्या कॅमेऱ्याचे फोटो वेगळे होते, साध्या कार्डावरचे. खेळाच्या वेळी ती तो घेऊन मैदानात गेली होती. छोटा कॅमेरा सकाळचे फोटो संगणकात पाठवत तंबूत टेबलावर राहिला होता.

जनरेटर कधी सुरू केला, असे एजेने विचारले. सैकाल म्हणाली, काचकिन बाइकेंनी सक्त बजावलं होतं, घोडे बुजतील, सगळे घोडे मैदानात गेल्याशिवाय लावायचा नाही. तेव्हा शेवटचा घोडा टेकडीआड गेल्यावर तिने तो लावला, पेटी सुरू केली आणि मग धावत खेळाकडे गेली. कोणत्या तंबूत? मोठ्या. वायर तिथेच पोचत होती.

"जिथं लेण्याची पेटी आहे त्याच?"

"त्याच."

मैदानातल्या फोटोंमध्ये तेमिरबेक जागोजाग होता. घोड्यावर, घोड्याखाली, चिखलात, पुन्हा घोड्यावर. शहरात राहून त्याची मांड गेली होती, पण हौस गेली नव्हती. काचकिनबाय प्रत्येक फोटोत ओरडताना दिसत होता. नवरी तर दुसऱ्या तंबूत पडद्याआड, मैत्रिणींच्या गराड्यात. मग मोठ्या तंबूत उरले कोण?

एजे पुन्हा त्या वाकड्या फोटोकडे आली. तो तिने मोठा केला, अजून मोठा केला, चष्मा वर केला आणि पडद्याला नाक लावले. मग सकाळचा एक फोटो उघडला, सगळ्या घराण्याचा, आणि त्यात बराच वेळ पाहत बसली. जीप खिंडीत पोचेपर्यंत ती एक शब्दही बोलली नाही. सैकालला वाटले एजेने आशा सोडली. तिने खिडकीकडे तोंड फिरवले आणि खांदे हलू दिले नाहीत, पण रडत होती.

"रडू नकोस," एजे म्हणाली. "फोटो वाकडा आहे, पण माणूस वाकडं नाही."



६

तंबूंजवळ जीप थांबताच बातमा आपा काठी टेकत बाहेर आली. डोक्यावर पांढरे मुंडासे, अंगात काळ्या मखमलीचे बिनबाह्यांचे जाकीट. सैकालला पाहताच तिने दोन्ही हात पसरले, मायेने तिच्या कपाळाचा वास घेतला आणि विचारले, की पोरी, राहिलेले फोटो आणलेस का?

कालिचा एजे ते पाहत होती. चोराला कोणी असे कुशीत घेत नाही. पुरुषांनी खाली जाऊन काय केले, हे ह्या बाईच्या कानावरही आलेले नव्हते.

मोठ्या तंबूत सगळे बसले. काचकिनबाय, तेमिरबेक, आपा, थोरली सून बुरुल. बोरसोकांची, तळलेल्या पिठाच्या तुकड्यांची, परात मध्ये आली, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, कुमिसचे, वाडगे भरले. नवी सून गुलबारा भली थोरली पांढरी शाल पांघरून चहा ओतत होती आणि प्रत्येक पाहुण्यासमोर वाकत होती. एजेपुढे ती वाकली तेव्हा कुठेतरी बारीक किणकिण झाली. एजेने चहा तोंडाला लावला आणि फार छान झालाय म्हणून सांगितले.

तेमिरबेकने विचारले, हिला कशाला वर आणलंत, हिची जागा खाली आहे.

"उद्या नारिनच्या तुरुंगात जाईल," एजे शांतपणे म्हणाली. "आज एकदा हवा खाऊ दे."

बातमा आपाच्या हातातला वाडगा तोंडापर्यंत जाता जाता थांबला. "कोण जाईल तुरुंगात?"

काचकिनबायने खाली मान घातली. तेमिरबेकने सगळे सांगितले. लेणे, फोटो, नकाशा, खूण. आपा ऐकत राहिली. बुरुलने तोंडावर पदर धरावा तसा हात धरला होता.

"आता मी सांगते," एजे म्हणाली. "ही खूण खोटी नाही. कार्ड खोटं बोलतच नाही. ते म्हणतंय, फोटो काढला तेव्हा माझ्याशेजारी सैकालची पेटी होती. बस. ती पेटी कुठं होती ते आपण ठरवायचं. तेमिर बाइके, तुम्ही म्हणता स्टुडिओत. कारण मागं काळी मखमल आहे, स्टुडिओत काळा पडदा असतो. पण मखमल काय फक्त पडद्यालाच असते?"

एजेने चहाचा पेला खाली ठेवला.

"फोटोत लेणं टांगलेलं नाही. टांगलेलं सरळ लोंबतं. हे किंचित बाहेर फुगलंय. म्हणजे ते कोणाच्या तरी पाठीवर आहे, आणि पाठ जरा वाकलेली आहे. जनरेटर सुरू झाला तेव्हा सगळे मैदानात. तेमिर बाइके, तुम्ही चिखलात होतात, पुरावा आहे माझ्याकडे." कोणीतरी खुसकन हसले. "कुलूप फोडलं नाही, म्हणजे किल्लीनं उघडलं. आणि सरांमध्ये एक केस अडकलाय. नव्या सुनेचे केस काळेभोर आहेत. बुरुलचेही काळे. हा केस..."

इथे एजे थांबली. पुढचे वाक्य तिच्या जिभेवर होते, पण ते तिने गिळले. म्हातारीच्या घरात, तिच्या मुलांसमोर, तिच्या वेणीला हात घालायला तिचे मन धजेना.

"हा केस चोराचा नाही," ती म्हणाली. "लेणं घराबाहेर गेलेलंच नाही. आता पुढचं ज्यानं त्यानं बोलावं."

चुलीवरच्या किटलीचे झाकण हलत होते.

"गुलबारा," बातमा आपा म्हणाली, "इकडे ये. पाठ कर."

गुलबारा आली आणि पाठमोरी बसली. आपाने तिची शाल खांद्यावरून उतरवली. दोन जाड काळ्या वेण्या, आणि त्यांच्या टोकांना चाचपाक. शनिवारपासून ती पोर ते घालून पाणी भरत होती, चहा ओतत होती आणि पाकळ्या वाजू नयेत म्हणून जपून पावले टाकत होती.

"मी घेतलं," आपा म्हणाली. "माझ्या घरातलं मी घेतलं. तेमिर, तुझ्या बापाचं चांदीचं खोगीर तू शहरात दाखवायला नेलंस. आलं का परत? चाबकाची मूठ नेलीस. आली? तू म्हणालास उद्या लेणं नेतो, आणि तुझा भाऊ हो म्हणाला. त्याला पाहुण्याला नाही म्हणता येत नाही आणि भावाला तर मुळीच नाही. मग मी काय करायचं होतं? हे लेणं ज्या वेणीचं आहे तिथं बांधलं."

 खोगीर सुरक्षित आहे असे काहीतरी तेमिरबेक पुटपुटला, पण कुठे आहे ते त्याने सांगितले नाही.

"आणि फोटो, आपा?" एजेने हळूच विचारले.

आता बुरुल पुढे सरकली. तिचा चेहरा लाल झाला होता. "फोटो मी काढला. आपा म्हणाल्या, बांधायच्या आधी एकदा मला घालून दे."

"मी पहिल्यांदा घातलं तेव्हा सोळा वर्षांची होते," आपा म्हणाली. "सगळ्या बायका म्हणाल्या, काय शोभून दिसतंय. पण ते पाठीवर असतं ना गं. जिनं घातलं तिला कधी दिसतच नाही. पुढं सुनांच्या पाठीवर बघितलं. माझ्या पाठीवर कसं दिसतं, ते नाही."

टेबलावर कॅमेरा होताच. सैकाल कळ कशी दाबते ते बुरुलने सकाळभर पाहिले होते. नको असलेला फोटो पुसायला कुठे दाबते, तेही पाहिले होते. तिने फोटो काढला, मागच्या छोट्या पडद्यावर आजेसासूबाईंना दाखवला, आपाने डोळे भरून पाहिला आणि पुसून टाक म्हणाली. बुरुलने पुसला. त्या दोघींच्या हिशेबाने गोष्ट तिथे संपली. कार्डाने मात्र तोवर तो फोटो पेटीकडे पोचता केला होता.

"मला काय ठाऊक ते एवढं चटपटीत असतं," बुरुल म्हणाली. सैकालकडे पाहवेना म्हणून ती परातीकडे पाहत होती.

बातमा आपा काठीवर भार देऊन उठली. सैकालपुढे येऊन उभी राहिली आणि काचकिनबायने आईला आयुष्यात कधी पाहिले नव्हते तसे पाहिले: तिने मान झुकवली.

"पोरी, माझ्यामुळं तू कोठडीत बसलीस. मला कळलं असतं तर पायी खाली आले असते."

सैकालने तिचे हात धरले. 

काचकिनबायने तिथल्या तिथे तक्रार मागे घेतली. सही करताना तो भावाला म्हणाला, खोगीर हिवाळ्याआधी घेऊन ये. आवाज चढवला नव्हता, पण तेमिरबेकने लगेच मान हलवली आणि थोड्या वेळाने घोडे बघून येतो म्हणून बाहेर गेला तो गाडीपाशीच दिसला.

कालिचा एजे निघायला उठली तेव्हा तिने कार्ड पुन्हा एकदा हातात मागितले. तिने आयुष्यभर साक्षीदार ऐकले होते. कोणी घाबरून खोटे बोले, कोणी लोभाने, कोणी उगीच. ह्या नखाएवढ्या साक्षीदाराने पाहिले तेवढेच सांगितले होते, एक अक्षर जास्त नाही. चुकले असेल तर ऐकणारे चुकले. असा एक जरी माणूस ठाण्यात असता, असे ती म्हणाली आणि कार्ड जपून सैकालच्या तळहातावर ठेवले.

सैकालने जीपमधले सामान तंबूत मांडून जनरेटर लावला आणि बाहेर उन्हात, दाराशीच, आपाला उभे केले. चाचपाक पुन्हा तिच्या पांढऱ्या वेण्यांना बांधले. आधी पाठीचा फोटो, सरळ, एकही सर न कापता. मग आपाला मान वळवायला सांगितली, म्हणजे चेहराही येईल आणि चांदीही. आपा दोन्ही वेळा हसली नाही, पण तिसऱ्यांदा बुरुल काहीतरी बोलली आणि ती हसली. तोच सैकालने घेतला.

जनरेटर घरघरत होता, पेटीचा हिरवा दिवा लुकलुकला आणि कागद यंत्रातून सरकत बाहेर आला. आपाने तो दोन्ही हातांनी धरला.

"आणि ह्याला काय वाटतं," तिने कार्डाकडे बोट दाखवून विचारले, "मी कुठं उभी आहे?"

सैकाल ओशाळली. "आपा, हे शहरात गेल्यावर सांगेल, तुम्ही बिशकेकमध्ये आहात. माझ्या दारात. मी हातानं खूण बदलते, काळजी करू नका."

बातमा आपाने फोटोतल्या आपल्या पाठीवरून बोट फिरवले.

"नको," ती म्हणाली. "राहू दे. मी बिशकेक कधी बघितलं नाही."